कोणते पाटील? खान्देशात पहिल्या नोकरीवर रुजू होताना

माझं आडनाव पाटील. जळगावच्या एमआयडीसीत पहिल्या दिवशी हजेरीबाबूंनी माझं नाव रजिस्टरात लिहिलं, पेन कानावर अडकवला आणि विचारलं, "कोणते पाटील?" बाहेरच्या माणसाला वाटेल, गाव विचारतायत. आपल्याकडच्याला बरोबर कळतं. खान्देशात पाटील लेवा असतात, मराठा असतात, गुजर असतात, आणखीही असतात. चौधरींचंही तेच. नुसत्या आडनावावरून जात लागत नाही, म्हणून हा दुसरा प्रश्न. मी उत्तर दिलं, ते हसले आणि दुपारी जेवताना मला आपसूक एका टेबलावर बोलावणं आलं. दुसऱ्या टेबलावर कोण बसतात, हे समजायला मला पुढचे सहा महिने लागले.

त्यानंतर बावीस वर्षं मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढली. आता दर जून-जुलैत आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. झालेली मुलं-मुली भेटतात. कुणी प्लास्टिक चटईच्या कारखान्यात लागलेलं असतं, कुणी डाळ मिलमध्ये, कुणी जिनिंगला (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात), कुणी शिरपूरकडच्या सूतगिरणीत, कुणी पतसंस्थेच्या काउंटरवर. त्यांना जे सांगते ते इथे पायरीपायरीने लिहून काढलंय. 'विविधता' आणि 'नैतिक निर्णय' हे शब्द कंपनीच्या धोरणपत्रात सापडतील, बहुतेक वेळा इंग्रजीत आणि फ्रेम करून. प्रत्यक्षात हा सगळा मामला "आपलाच मानूस शे" (आपलाच माणूस आहे) या तीन शब्दांभोवती फिरतो. अहिराणी माझी मायबोली आहे, आणि 'आपलाच मानूस शे' हे वाक्य मीही शेकडो वेळा बोलले आहे. त्यातून काय काय होतं ते पुढे येईलच.

पायरी पहिली: सही करण्याआधी

नेमणूकपत्र वाचा. तुम्ही कंपनीचे की ठेकेदाराचे, हे आधी बघा. पुष्कळ मुलं वर्षभर काम करतात आणि पहिली अडचण आली की कळतं, आपलं नाव कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) नाहीच. पगारपत्रक महिन्याला मिळणार का, साप्ताहिक सुटी कोणती, तक्रार कुणाकडे करायची, एवढं विचारायला लाजू नका. नोटीस बोर्डासमोर दोन मिनिटं उभं राहा. महिलांच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीची नावं तिथे लावलेली असायला हवीत. मुलग्यांनीही वाचायची. बोर्डावर फक्त सत्यनारायणाचं आमंत्रण आणि गेल्या वर्षीच्या क्रिकेट स्पर्धेचा फोटो असेल, तर त्यावरूनही बरंच कळतं.

पायरी दुसरी: माणसांची नावं

पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या सगळ्यांची पूर्ण नावं पाठ करा. सफाईवाल्या मावशींचं आणि गेटवरच्या वॉचमनचंसुद्धा. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्या कारखान्यांत निम्मी माणसं खऱ्या नावाने ओळखलीच जात नाहीत. कुणी 'भैय्या', कुणी 'मियाँभाई', कुणी 'लंगड्या', तर सातपुड्यातून आलेल्या प्रत्येकाला एकच हाक. हाक मारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वाईट काही नसतं. पण ज्याला ती ऐकावी लागते तो ती रोज मोजत असतो. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी समाजाच्या एका मुलाने मला एकदा सांगितलं की आठ महिन्यांत त्याला नावाने हाक फक्त पगाराच्या दिवशी आली, तीही कॉम्प्युटरवरून वाचून. शिवाय अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "गंमत केली" हे त्यावर उत्तर होत नाही.

आडनावावरून अंदाज बांधू नका, आपल्या भागात तर अजिबात नाही. तडवी घ्या. यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत, आदिवासीही आहेत. नंदुरबारकडे गेलात तर तडवी आडनावाची हिंदू घरं भेटतात. आमच्याकडे तडवी आडनावाचा एक फिटर होता. गणपतीच्या वर्गणीला त्याला कुणी विचारायचं नाही आणि ईदच्या दिवशी त्याची रजा लावायला लोक विसरायचे, कारण निम्म्यांना तो 'आदिवासी' वाटायचा आणि निम्म्यांना 'मुसलमान'. त्याला कुणीच विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्याने दोन्हींचं सरळ उत्तर दिलं, वर्गणीही दिली.

आणि तुम्हाला कुणी "कोणते पाटील?" विचारलं तर? भांडायची गरज नाही. "अमळनेर तालुक्यातले" असं गाव सांगून मोकळं व्हा. पुन्हा विचारलं तर पुन्हा गावच सांगा. तिसऱ्यांदा सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र हा प्रश्न कुणालाच विचारू नका, मुलाखत घ्यायला बसाल तेव्हा तर नाहीच नाही.

पायरी तिसरी: भाषा, म्हणजे बोटं शाबूत राहण्याचा प्रश्न

इथे जरा थांबते, कारण यात माझीही चूक आहे.

जळगावच्या कारखान्यात एका पाळीला किती भाषा असतात, कधी मोजून बघा. आमच्याकडे अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, बंजारा, उर्दू वळणाची हिंदी, भोजपुरी आणि साहेब लोकांची पुस्तकी मराठी एकाच छपराखाली होत्या. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली पोरं यात मजेत वावरतात, त्यांच्या गल्लीत तमिळ काकूही असतात आणि बंगाली दादाही. बाकीच्यांना सवय करावी लागते.

भंगार चटई बारीक करायच्या ग्राइंडरवर आमच्याकडे पाटी होती: 'यंत्रात अडथळा निर्माण झाल्यास विद्युतपुरवठा खंडित केल्याविना हस्तक्षेप करू नये.' मला स्वतःला ती दोनदा वाचावी लागली होती. धडगावकडून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सुपरवायझरने पहिल्या दिवशी ती वाचून दाखवली आणि विचारलं, "समजलं?" तो "हो" म्हणाला. नव्या जागी, नव्या साहेबासमोर, अर्ध्या कळणाऱ्या भाषेत विचारल्यावर कुणीही "हो"च म्हणेल. चौथ्या दिवशी ग्राइंडर अडकला आणि त्याने हात घातला. शेजारच्या जुन्या ऑपरेटरने ओरडत मेन स्विच पाडला. हातमोजा आत गेला, हात वाचला.

अपघाताच्या नोंदीत कारणाचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तशीच पद्धत होती. रात्री झोप लागली नाही असलं काही नाटकी झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या ऑपरेटरने, सगळे ज्यांना नाना म्हणायचे, मला येऊन विचारलं, "ताई, ती पाटी तुम्हाले तरी समजस का?" मी नोंद फाडली नाही, तसं करायचं नसतं. खाली दुरुस्ती लिहिली: सूचना कामगाराच्या भाषेत दिलेली नव्हती. व्यवस्थापकांना ते आवडलं नाही, कारण आता चूक कंपनीकडे आली होती. पण पाटी बदलली. चित्र आलं, खाली पाच शब्द: 'आधी मेन बंद, मग हात.'

तेव्हा नव्याने लागणाऱ्यांनी हे करायचं. सूचना कळली नाही तर "परत सांगा" म्हणायचं, हसले तर हसू द्यायचं. आणि तुम्ही कुणाला काम शिकवत असाल तर "समजलं का?" हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी "आता तू मला करून दाखव" म्हणा. हातांनी करून दाखवताना कुणाला खोटं "हो" म्हणता येत नाही.

गावाकडची बोली बोलणाऱ्याला अडाणी समजण्याची सवय सुशिक्षितांत फार आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि असोद्याची तीच बोली आज शाळेतली मुलं पाठ करतात. ज्या ऑफिसात त्यांच्या ओळी भिंतीवर रंगवल्यात, त्याच ऑफिसात तशी बोलणाऱ्या मुलीला फोनवर बसवत नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पायरी चौथी: डबा

कुणाच्या डब्यात काय आहे यावर शेरा मारू नका. मटण, सुकट, कांदा-लसूण, कळण्याची भाकरी, काहीही असो. वासाचा खरंच त्रास होत असेल तर स्वतः उठून दुसरीकडे बसा, दुसऱ्याला उठवू नका. पाण्याचा माठ किंवा ग्लास कुणासाठी 'वेगळा' ठेवलेला दिसला तर तो मुद्दा डब्याचा राहिलेला नाही. त्याबद्दल शेवटच्या पायरीत पाहा.

आठवड्यातून एक दिवस टेबल बदला, बस. कॅन्टीनमधली शेवभाजी तीच असते, गप्पा मात्र वेगळ्या निघतात.

पायरी पाचवी: रजा आणि पाळ्या

पक्षपात सगळ्यात जास्त इथे होतो आणि सगळ्यात कमी दिसतो.

खान्देशातल्या सणांचं कॅलेंडर पुण्याच्या हेड ऑफिसातून येणाऱ्या सुट्यांच्या यादीत मावत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, ती सुटी यादीत नसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे सोमवारी निम्मी फर्स्ट शिफ्ट गायब. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा पावरा मुलं गावी जाणारच. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, ईद, उत्तरेकडच्या कामगारांची छठ. आणि ईदचा दिवस चंद्र ठरवतो, सुपरवायझर नाही.

आमच्याकडे अनेक वर्षं असं व्हायचं की कानबाईला गैरहजर राहिलेल्याला "घरचं होतं" म्हणून रजा लागायची आणि भोंगऱ्याला गेलेल्याची 'विनापरवानगी गैरहजेरी' पडायची. कुणी ठरवून अन्याय करत नव्हतं. रजा लावणाऱ्याला कानबाई माहीत होती, भोंगऱ्या माहीत नव्हता, एवढंच. पण त्या गैरहजेरीने कुणाचा बोनस कापला जात होता, कुणाचं कायम होणं लांबत होतं.

तुम्ही नवीन असाल तर जानेवारीतच स्वतःच्या सणांची यादी लेखी द्या. तुमच्या हातात पाळ्या लावायचं काम आलं, तर सगळ्यांकडून ती मागून घ्या आणि अदलाबदल बसवा. ईदला हिंदू ऑपरेटर पाळी सांभाळतात, दिवाळीला मुसलमान ऑपरेटर, हे गणित चांगलं चालतं. फक्त ते विचारून करायचं. 'तुमची काय दिवाळी असते' असं गृहीत धरून त्याच तिघांना दर वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बोलावलं, तर ती अदलाबदल राहत नाही. २०१८ आणि २०१९ ला रमजानचा मोठा भाग मे महिन्यात आला होता. जळगावचा मे म्हणजे पारा चव्वेचाळीसच्या वर. रोजा ठेवणाऱ्यांना आम्ही दुपारच्या एक्स्ट्रूडरवरून (प्लास्टिक वितळवणाऱ्या मशीनवरून) पहाटेच्या पॅकिंगला हलवलं. कुरकुर झाली, "आमचेही उपास असतात." बरोबर होतं त्यांचं. मग नवरात्रात आणि श्रावणातही तशी सोय सुरू केली.

माझी दुसरी चूक इथलीच. पॅकिंगच्या बायकांच्या कामाचं वाटप माझ्याकडे होतं. एकदा रिकाम्या दुपारी तीन महिन्यांचं मस्टर घेऊन सहज मोजत बसले. माझ्या बसच्या रस्त्यावरच्या गावांतल्या बायका लेबल लावायला होत्या, बसून. भिल्ल वस्तीतल्या बायका गठ्ठे उचलायला, उभ्या. मी कधीही 'हिला हलकं, तिला जड' असं मनात म्हटलं नव्हतं. सकाळी बसमध्ये कुणी म्हणायचं, "ताई, कंबर दुखते हो," आणि मी कागदावर नाव हलवायचे. दुसरीकडच्या बायका माझ्या बसमध्ये नव्हत्या, त्यांच्या कंबरेचं मला कळायला वाट नव्हती. त्यानंतर फेरपाळी लावली, दर सोमवारी काम बदलायचं. गावाकडच्या दोघी माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

म्हणून सांगते, मन साफ आहे यावर विसंबू नका. मस्टर काढा आणि मोजा.

पायरी सहावी: निर्णय घ्यायची वेळ

चोपड्याकडचा एक मुलगा. बी.कॉम. झाल्या झाल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर क्लार्क म्हणून लागला. कापसाची गाडी आली की ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) ओलाव्याचं मीटर खुपसतो, आकडा मोठ्याने सांगतो, हा लिहून घेतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस कपात करून घेतात. खाजगी जिनिंगमध्येही याच धर्तीवर कट असतो. कामाला लागून दोन आठवडे झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ओळखीच्या गाड्यांना ग्रेडर 'आठ' म्हणतो आणि डोंगराकडून आलेल्या पावरा शेतकऱ्यांना 'साडेअकरा', 'बारा'. एकदा त्याने मान वाकडी करून मीटर पाहिलं. नऊ दाखवत होतं.

हिशेब करा. समजा भाव क्विंटलला ७,००० रुपये, गाडीत २० क्विंटल कापूस, आणि ओलाव्याच्या एका टक्क्याला भावात एक टक्का कट. अडीच टक्के जास्त लिहिले की एका गाडीमागे साडेतीन हजार रुपये गेले. त्या शेतकऱ्याला काट्यावर हुज्जत घालण्याइतकी मराठी येत नाही, भाड्याचा ट्रॅक्टर बाहेर उभा आहे आणि अंधाराच्या आत घाट चढायचाय.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न होता, "मॅडम, मी तर फक्त लिहितो, माझा काय दोष?" मी त्याला आधी दोषाचा विचार बाजूला ठेवायला सांगितलं, कारण त्यात अडकलेला माणूस एक तर घाबरतो किंवा हुतात्मा व्हायला निघतो. त्याऐवजी वहीत काही गोष्टी लिहायला लावल्या. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा तुम्हीही लिहा.

सुरुवात अशी करा: मी स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं? त्या मुलाने एकदाच मीटर पाहिलं होतं, बाकी संशय होता. कापसाच्या गाडीत वरचा आणि आतला ओलावा वेगळा असतो, दोन रीडिंगमध्ये फरक येऊ शकतो. म्हणून दहा दिवस तो गुपचूप मीटरचा आकडा आणि बोललेला आकडा, दोन्ही टिपत राहिला. दहा दिवसांनी शंका उरली नाही.

मग नाव झाका. गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव हाताने झाकून फक्त आकडे बघा आणि स्वतःला विचारा, हे मी कुणालाही समजावून सांगू शकेन का? माझ्या मामांची गाडी असती तर हाच आकडा लिहिला असता का? आपल्या भागात हे उलटही करून बघावं लागतं. मामांच्या गाडीला 'आठ' लागतंय ते तरी खरं आहे का? बहुतेकांची गाडी इथे अडते. परक्यावरचा अन्याय दिसतो, आपल्याला मिळालेली सूट दिसत नाही.

त्यानंतर बघायचं, यात कुणाचं नुकसान होतंय आणि तो माणूस इथे बोलू शकतो का. ज्याला बोलता येतं तो आपलं बघून घेईल. ज्याला येत नाही, त्याच्या वतीने विचार करायची जबाबदारी कागद ज्याच्या हातात आहे त्याची. शेवटी, सही कुणाची? रजिस्टरवर अक्षर त्या मुलाचं होतं. "मी फक्त लिहितो" हे वाक्य ऑडिटच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

त्याने मालकांकडे जाऊन आरोप केला नाही. तो म्हणाला, "शेठ, रजिस्टरात सरासरी ओलावा जास्त दिसतोय, गाठींच्या वजनात तेवढी घट येत नाहीये. ताळा लागत नाही. मीटर शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलं आणि आकडा दोघांनी वाचला तर चालेल का?" मालक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मीटर फिरवलं गेलं. ग्रेडर तिथेच राहिला. मुलाला आठ दिवसांत काट्यावरून काढून गोडाऊनला टाकलं, बढतीही मिळाली नाही. पण मीटर फिरवलेलंच राहिलं, आणि पुढच्या हंगामात डोंगराकडच्या गाड्या तिथे वाढल्या, हे त्याने मला फोन करून सांगितलं.

पायरी सातवी: 'नाही' म्हणायचं कसं

आपल्याकडे 'नाही' म्हणणं म्हणजे नातं तोडणं. चुलत काका येतात, चहा होतो, मग सहज निघतं, "तुझ्या हातात आहे ना भरती, जाऊ दे ना भो, एक नाव घाल." इथे तत्त्वाचं भाषण देऊ नका, काका ऐकणार नाहीत आणि गावभर सांगतील ते वेगळंच. मी वापरलेली वाक्यं देते. "आप्पा, अर्ज आणून द्या, सगळ्यांच्या अर्जात ठेवते, परीक्षेला बसू द्या." "नातेवाइकाचा अर्ज आला की मला त्या दिवशी मुलाखतीला बसता येत नाही, आमच्याकडे तसंच आहे." हे दुसरं वाक्य खरं ठेवायचं, म्हणजे वरिष्ठांना लेखी कळवून खरोखर बाहेर बसायचं. साहेबांकडून दबाव असेल तर: "हे मेलवर पाठवाल का सर, म्हणजे मी तसं करते." निम्म्या गोष्टी इथेच संपतात.

दिवाळीला पुरवठादाराकडून मिठाईचा डबा आला तर विभागात उघडून सगळ्यांत वाटा. चांदीचं नाणं आलं तर परत पाठवा आणि परत पाठवल्याची चिठ्ठी जपून ठेवा. जळगावात सोन्या-चांदीची नाणी भेट म्हणून फार फिरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल फार बोलत नाही. पाळीच्या ग्रुपवर धर्माचे, जातीचे, बायकांवरचे विनोद आले की अंगठा देऊ नका. ॲडमिन असाल तर काढून टाका आणि पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करा.

पायरी आठवी: बायकांबरोबर काम करताना, आणि बाई म्हणून काम करताना

मुलींनो, हा भाग कापून पर्समध्ये ठेवा. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा कायम, हंगामी, ठेकेदाराच्या, रोजंदारीच्या आणि शिकाऊ, सगळ्या बायकांना लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. दहापेक्षा कमी माणसांचं दुकान किंवा दवाखाना असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मेसेज डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा.

एकाच कामाला बाईला कमी पगार देणं १९७६ पासून बेकायदा आहे आणि आता वेतन संहितेतही तेच आहे. तरी डाळ मिलमध्ये 'बायांची हजेरी' आणि 'माणसांची हजेरी' असे दोन दर अजून सर्रास बोलले जातात. रात्रपाळीला बाईची संमती लागते, सुरक्षेची आणि ने-आणीची सोय लागते. गरोदरपणाच्या रजेचे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर. मुलाखतीत "लग्न कधी करणार?" विचारलं तर "कामाच्या वेळांबद्दल विचारायचं असेल तर सांगते" एवढं उत्तर पुरतं.

मुलग्यांनो, एकच. नव्या मुलीला काम शिकवताना तिला सगळ्यांसमोरच्या मशीनवर शिकवा, स्टोअरच्या मागे नाही. तिचा नंबर हवा असेल तर ऑफिसकडून घ्या.

पायरी नववी: ज्यांची जागा कुणी धरलेलीच नसते

२०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलंय, त्यात न दिसणारंही पुष्कळ आहे. मदत करण्याआधी विचारा. ऐकू न येणाऱ्या कामगारासाठी फोर्कलिफ्टवर फिरता दिवा बसवायला खर्च फार येत नाही. आमच्याकडे तो एकासाठी बसवला, पण मशीनच्या आवाजात हॉर्न कुणालाच ऐकू येत नव्हता, त्यामुळे उपयोग सगळ्यांना झाला. तृतीयपंथी सहकारी आला किंवा आली, तर ती व्यक्ती स्वतःला जसं म्हणवते तसंच म्हणा, आणि टॉयलेटचा प्रश्न पहिल्याच दिवशी एचआरने सोडवायचा असतो, चर्चेला घ्यायचा नसतो. २०१९ च्या कायद्याने नोकरीत असा भेदभाव करायला मनाई आहे.

पायरी दहावी: चूक दिसली तर

तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द. एवढं त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा, कंपनीच्या कॉम्प्युटरवर नको. मग वरिष्ठांना तोंडी सांगा, आणि संध्याकाळी "आज आपण बोललो त्याप्रमाणे" असं सुरू होणारा छोटा मेल पाठवा. काही झालं नाही तर कार्मिक विभागाला लेखी अर्ज द्या, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावी लागते. तीही नसेल किंवा हलत नसेल, तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. पाण्याचा माठ वेगळा ठेवण्यासारखी जातीची बाब असेल तर पोलीस ठाणं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर, महिलांसाठी १८१.

एकटे जाऊ नका, एक साक्षीदार बरोबर ठेवा. आणि नोकरी गेली तर घर किती महिने चालेल, याचा हिशेब तक्रारीच्या आधी करा. हा हिशेब करणं म्हणजे भ्याडपणा नव्हे. जिनिंगमधल्या त्या मुलानेही तो केला होता, दहा दिवस वहीत आकडे टिपत होता तेव्हाच.

वही घरी ठेवा. लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकरची दुसरी चावी सिक्युरिटीकडे असते.